हत्तींच्या मधोमध

[पॅरिस. सर्कशीच्या गोल इमारतीचा दर्शनी भाग.]

ही पॅरिसची जुनी सर्कस, सिर्क दिव्हेर. ऑगस्ट १९५५ मध्ये फॅशन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडॉन इथे कॅमेरा घेऊन आले. मोठमोठे हत्ती, जमिनीवर विखुरलेलं गवत, आणि बरोबर न्यूयॉर्कहून आलेली एक मॉडेल, डोव्हिमा.

[फोटो, हळूहळू जवळून.]

गाऊन दिओर या फ्रेंच फॅशनघराचा. काळा मखमली, कमरेला पांढऱ्या साटीनचा लांबलचक पट्टा. हा गाऊन रेखाटला होता विशीही न गाठलेल्या इव्ह सँ लोराँ या डिझायनरनं. फोटोबद्दल सांगताना ही दोन नावं नेहमी आधी येतात. आपण जरा तिच्याकडे पाहू. दोन्ही हात दोन बाजूंच्या हत्तींकडे गेलेत, चेहरा वळलेला, पापण्या खाली. हत्तींच्या पायांतले साखळदंडही दिसतात. एवढ्या जवळ उभं राहून अंगाची एक रेष हलू द्यायची नाही, हे तिचं काम. तेही कलाच आहे.

[न्यूयॉर्क, क्वीन्समधले रस्ते.]

तिचं खरं नाव डोरोथी व्हर्जिनिया मार्गारेट जुबा. वडील पोलीस. दहाव्या वर्षाच्या सुमाराला संधिवाताच्या तापानं तिला गाठलं आणि पुढची कित्येक वर्षं अंथरुणातच गेली. शिक्षण घरीच. चित्रं काढायची, त्यावर सही करायची ‘डोव्हिमा’. डोरोथीतला ‘डो’, व्हर्जिनियातला ‘व्हि’, मार्गारेटमधला ‘मा’. एकटीनं, खाटेवर पडल्यापडल्या जुळवलेलं हे नाव. तिनं पुढे तेच लावलं, आडनावाशिवाय.

१९४९ मध्ये मॅनहॅटनमधल्या एका ऑटोमॅटपाशी ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या एका संपादिकेनं तिला हेरलं. ऑटोमॅट म्हणजे नाणं टाकलं की काचेच्या कप्प्यातून खाणं हाती येई, तसलं हॉटेल. दुसऱ्याच दिवशी ती छायाचित्रकार आयर्व्हिंग पेन यांच्या कॅमेऱ्यासमोर. लहानपणी समोरचा दात तुटलेला, म्हणून ती ओठ मिटूनच हसली. ते मिटलेलं हसू पुढे मासिकांना हवंहवंसं झालं. मानधन ताशी ६० डॉलर. ‘मिनिटाला एक डॉलर’ असंच लोक तिला म्हणू लागले.

[लिलावाचं सभागृह.]

शेवटची वर्षं तिनं फ्लोरिडात एका पिझ्झाच्या हॉटेलात पाहुण्यांना जागा दाखवण्याचं काम केलं. १९९० मध्ये, ६२ व्या वर्षी ती गेली. या फोटोची एक मोठी प्रत २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात ८ लाख ४१ हजार युरोंना विकली गेली. घेतली दिओरनं.

[पुन्हा फोटो. निवेदन नाही.]