खुर्ची उलटी करा: डॅनिश फर्निचरवरचे शिक्के आणि ते घडवणारे कारागीर

[दृश्य: ओकची खुर्ची टेबलावर उलटी ठेवलेली. बॅटरीचा उजेड बाजूने.]

बॅटरी समोरून मारली, तर इथं नुसतं लाकूड दिसतं. ती आडवी करा, बैठकीच्या चौकटीला जवळजवळ टेकवून धरा. आता अक्षरं वर येतात: योहानेस हान्सन, कोपनहेगन, डेन्मार्क. हा तापलेल्या लोखंडाने डागलेला शिक्का आहे.

योहानेस हान्सन हे खुर्ची घडवणाऱ्या कारखान्याचं नाव, पण ही खुर्ची जग ओळखतं ती डिझायनर हान्स वेगनर यांची म्हणून. रचना 1949 ची. 1960 मध्ये केनेडी आणि निक्सन टीव्हीवर समोरासमोर आले, तेव्हा त्यांच्यासाठी हीच खुर्ची मांडली होती. लिलावाच्या यादीत वेगनर यांचं नाव ठळक असतं, हान्सन यांचं मात्र बारीक अक्षरांत, आणि कधी कधी तेही नसतं. हे बरोबर नाही. वेगनर स्वतः शिकलेले सुतार होते, आणि योहानेस हान्सन यांच्या कारखान्यातले मुख्य कारागीर निल्स थॉमसन यांच्याबरोबर काम करूनच त्यांच्या खुर्च्या आकाराला येत. लाकूड निवडणं, ते कापणं, सांधणं हे सगळं त्या कारखान्यात झालं. म्हणून ओळख पटवायची तर आधी कारखाना शोधायचा, डिझायनर नंतर.

[दृश्य: पाठ आणि हात जिथे जुळतात तो सांधा, अगदी जवळून.]

हा सांधा नीट बघा. पाठ आणि दोन्ही हात असे तीन तुकडे इथं जुळतात. सुरुवातीच्या खुर्च्यांत पाठीला वेत गुंडाळून सांधा झाकलेला असे. पुढे त्याच जागी ही नागमोडी, बोटांत बोटं गुंतवल्यासारखी जोडणी आली आणि ती मुद्दाम उघडी ठेवली गेली. चांगल्या कामात दातांची टोकं एकमेकांना नेमकी भिडतात आणि मधे फट बुजवणाऱ्या पुटीची रेघ दिसत नाही. टोकाशी तपकिरी पुटी दिसली, तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा ती नक्कल आहे.

शिक्का योहानेस हान्सनऐवजी पीपी मोबलर असा असेल, तर घाबरायचं कारण नाही. हान्सन यांचा कारखाना बंद झाल्यावर हे नमुने पीपी मोबलरकडे गेले. खुर्ची अस्सलच, फक्त नंतरच्या काळातली.

[दृश्य: शिक्क्यांचे फोटो एकापाठोपाठ.]

वेगनर यांच्या कामात मॉडेल नंबरच कारखान्याचा पत्ता सांगतो. 1951 मध्ये पाच कारखाने सेल्सको नावाच्या एका विक्रीसंस्थेखाली आले आणि कामं वाटली गेली. सीएच म्हणजे कार्ल हान्सन अँड सन, खुर्च्या. जीई म्हणजे गेटामा, सुट्या गाद्यांच्या आरामखुर्च्या आणि दिवाण. एपी म्हणजे ए. पी. स्टोलन, पूर्ण गादीकाम केलेले नग. एटी म्हणजे अँड्रियास टुक, टेबलं. आरवाय म्हणजे रि मोबलर, कपाटं आणि साइडबोर्ड, म्हणजे लांबट, बुटकी कपाटं. जेएच आणि एफएच या अक्षरांचे योहानेस हान्सन आणि फ्रिट्झ हान्सन या पाचांच्या बाहेरचे. विक्रेता टेबलाला सीएच नंबर लावून विकत असेल, तर लगेच खोटं ठरवू नका, पण शिक्का दाखवायला मात्र सांगा.

[दृश्य: वाय आकाराच्या पाठीची खुर्ची, चारी बाजूंनी.]

सर्वांत जास्त नकला हिच्याच होतात. सीएच 24. 1950 पासून आजतागायत उत्पादन चालू आहे, त्यामुळे शिक्का एकटा वय सांगत नाही. जुन्या खुर्चीवर कार्ल हान्सन आणि ओडेन्स गावाचं नाव डागलेलं सापडतं. अलीकडच्या खुर्चीवर लेबल आणि अनुक्रमांक असतो. जुनी बैठक सुमारे 43 सेंमी उंचीवर, आताची 45 वर. मेजरिंग टेप हाताशी ठेवा.

वरची कमान बघा. ती वाफवून वाकवलेल्या एकाच लाकडाची असते. लाकडाच्या रेषांवर बोट ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा, मधे कुठेही तुटता कामा नयेत. नकलेत कमान बहुधा तुकडे जोडून करतात, कारण वाफवून वाकवण्याला वेळ आणि सराव दोन्ही लागतं. मागचे पाय मात्र वाकवलेले नसतात. ते जाड फळीतून कापून काढतात, तरी डोळ्याला वळलेले वाटतात.

बैठकीला लागते सुमारे 120 मीटर पेपर कॉर्ड, म्हणजे कागद पिळून केलेली दोरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये समुद्री गवताची दोरी मिळेनाशी झाली, तेव्हा तिच्या जागी ही आली आणि तिथेच रुळली. इथे दोरी चौकटीवरून पूर्ण गुंडाळलेली असते.

[दृश्य: दुसरी खुर्ची उलटी. चौकटीच्या आतल्या बाजूचे खिळे.]

ही जे. एल. मॉलर कारखान्याची, मॉडेल 71, 1951. इथे दोरी अडकते ती आतल्या बाजूला ओळीने ठोकलेल्या इंग्रजी एल आकाराच्या खिळ्यांना. खिळ्यांऐवजी स्टेपलरच्या पिना दिसल्या, तर बैठक कुणीतरी घाईत पुन्हा विणली आहे. अशी वीण लवकर सैल पडते. लाकूड आणि शिक्का अस्सल असेल, तर खुर्ची सोडू नका. विणकाम पुन्हा करता येतं.

[दृश्य: सागवानी खुर्चीखालचं गोल धातूचं पदक.]

हे पदक फ्रान्स अँड सन कारखान्याचं. आधीचं नाव फ्रान्स अँड डावेरकोसेन, 1957 च्या सुमारास बदललं. 1966 मध्ये पोल कॅडोवियस यांनी कारखाना घेतला आणि पुढे काडो हे नाव आलं. म्हणजे पदकावरचं नाव वाचलं की काळ आपोआप दहाएक वर्षांच्या आत येतो. इथे डिझायनर फिन यूल यांच्या खुर्च्या यंत्रावर, सुट्या भागांत पाठवता येतील अशा बनल्या. त्यांच्याच त्याआधीच्या हातघडणीच्या खुर्च्या कारागीर नील्स वोडर यांच्याकडच्या, आणि त्यांच्या डागलेल्या शिक्क्यात कारागीर आणि डिझायनर दोघांचीही नावं असतात. सगळ्यांनीच हा शिरस्ता पाळायला हवा होता.

पदक निघतं, विकलं जातं आणि भलत्याच खुर्चीवर बसतं. म्हणून भोवतालचं लाकूड बघा. जुन्या पदकाची खाच स्वच्छ गोल असते आणि कडेने लाकूड वेगळं काळवंडलेलं असतं. डागलेला शिक्का असा हलवता येत नाही, पण लेझरने नवा उठवता येतो. लोखंडाच्या शिक्क्यात एखादी बाजू खोल, एखादी फिकी असते आणि तंतू दबलेले असतात. लेझरची अक्षरं सगळीकडे सारख्याच खोलीची.

[दृश्य: साइडबोर्डचा खण बाहेर काढलेला.]

सिबास्ट कारखान्याचा साइडबोर्ड, डिझाइन आर्ने वोडर. हे नील्स वोडर नव्हेत, माणूस वेगळा. शिक्का पाठीच्या फळीवर किंवा वरच्या खणात शोधा. अंग विनियरचं, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याचं, आणि कडा भरीव सागवानाच्या, हा दोष नाही, तशीच पद्धत होती. सेलिग, जॉन स्टुअर्ट ही नावं अमेरिकेतल्या विक्रेत्यांची, तर इलम्स बोलिगहूस आणि डेन परमानेंटे कोपनहेगनच्या दुकानांची. त्यावरून माल कुठून विकला गेला ते कळतं, कुणी घडवला ते नाही. डॅनिश फर्निचर कंट्रोलचं गोल लेबल गुणवत्तेची आणि देशाची हमी देतं, त्याहून जास्त काही नाही.

[दृश्य: पोलादी चौकट, कोपऱ्यातली बारीक खूण.]

डिझायनर पोल केयरहोल्म यांच्या खुर्च्यांची खूण पोलादातच ठोकलेली असते. जुनी खूण आधीचे उत्पादक कोल्ड क्रिस्टेन्सन यांची. 1982 पासून फ्रिट्झ हान्सन यांचं उत्पादन.

[दृश्य: चामडी पट्ट्यांची, सुटी करता येणारी खुर्ची.]

डिझायनर कोरे क्लिंट यांची सफारी खुर्ची, 1933. गोंद नाही, खिळे नाहीत. मूळ नमुना ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांची रुरकी खुर्ची, नाव आपल्या रुरकी गावावरून. क्लिंट यांची कामं करणाऱ्या रूड रासमुसन कारखान्याचं कागदी लेबल असतं, त्यावर कारखान्याचा पत्ता असतो: नॉरेब्रोगाडे 45, कोपनहेगन.

[दृश्य: काळपट लाल लाकडाची टेबलं, रांगेत.]

ही ब्राझिली रोझवूडची, आपल्या शिसवीच्या जातभाईची. 1992 पासून हे लाकूड साइट्स या, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणून कागदपत्रांशिवाय सीमेपार नेलं तर माल जप्त होऊ शकतो.

[दृश्य: पॉलिश पेपर, कापूस, कॅमेरा.]

कुठलाही शिक्का न सापडणारे नग भरपूर आहेत. त्यांना कुणा प्रसिद्ध डिझायनरच्या नावावर खपवू नका, 'डॅनिश, कारखाना अज्ञात' एवढंच लिहा. पॉलिश पेपर हातात घेण्याआधी खालच्या प्रत्येक फळीचे, खिळ्यांचे, लेबलांचे आणि शाईच्या आकड्यांचे फोटो आडव्या उजेडात काढा. खालचा भाग घासू नका. धूळ मऊ ब्रशने झाडा, आणि कागदी लेबलावर ना पाणी, ना तेल.