परदेशात लग्न, कागद कोल्हापूरचे

नमस्कार श्रोतेहो.

परदेशात लग्न ठरलं की आपल्याकडं आधी शालू बघतात, मग तिकिटं, आणि कागदांची आठवण सगळ्यात शेवटी. लग्न ज्या देशात, कायदा त्या देशाचा. म्हणून तारीख धरायच्या आधी तिथल्या विवाह नोंदणी कचेरीला विचारा, कोणकोणते कागद लागतील. पुन्हा सांगतो, तारखेच्या आधी विचारा. पासपोर्ट आणि जन्माचा दाखला लागतोच, बहुतेक ठिकाणी अविवाहित असल्याचा पुरावाही मागतात. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा.

हे कागद खरे आहेत हे तिकडच्यांना कळावं म्हणून परराष्ट्र मंत्रालय त्यावर अपॉस्टिल, म्हणजे खरेपणाचा शिक्का, लावतं. हा शिक्का एकमेकांचा मानायचा असा देशांचा करार आहे, भारत त्यात 2005 पासून आहे. पण जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळं आपलं अपॉस्टिल तिथं चालत नाही. मग जर्मन वकिलात इथल्या एखाद्या वकिलाला नेमून कागदांची जागेवर चौकशी करून घेते.

अशी चौकशी आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत झाली. पोरगं स्टुटगार्टला नोकरीला, पोरगी तिथलीच. एका दुपारी काखेत फाइल मारून एक गृहस्थ गल्लीत शिरले. तालमीच्या कट्ट्यावर मामा बसलेले. गृहस्थांनी पोराचं नाव घेऊन विचारलं, "हे इथंच राहतात का? लग्न झालंय का त्यांचं?"

मामांनी फाइल बघितली आणि मनाशी ठरवलं, हा बँकेचा वसुलीवाला. पोराला वाचवलं पाहिजे. म्हणाले, "त्यो व्हय? गेला की गाव सोडून. बायकूला घेऊनच गेला. आता काय परत येत न्हाई बघा."

गृहस्थांनी शांतपणे लिहून घेतलं. पोरगं तिकडं 'मी अविवाहित' म्हणून कागद देऊन बसलेलं, आणि इकडं मामांनी त्याला बायको देऊन टाकली!

शेजारच्या काकूंचा समज निराळाच. त्यांना वाटलं, मुलीकडचे चौकशीला आलेत. "बसा की, चहा टाकते. पोरगं लई गुणाचं, सुपारीचं खांड सुदिक खात न्हाई. लगीन कुठलं झालंय? माझ्या भनीची पोरगी दोनदा सुचवली, त्याची आई दादच देत न्हाई."

तेही लिहून घेतलं. शेवटी पोराची आई दाखला घेऊन बाहेर आली, तेव्हा उलगडा झाला. मामांना कट्ट्यावरून बोलावून आणलं. "मला वाटलं बँकेचा माणूस," एवढंच म्हणाले. वकीलसाहेबांनी हसू दाबत आधीच्या ओळींखाली नवा जबाब लिहिला, मामांची सही घेतली आणि काकूंचा दुसरा चहा पिऊन गेले. काही महिन्यांनी लग्न लागलं.

जाता जाता, पन्हाळ्यावर रंगीत धूर सोडून काढलेले ते प्री-वेडिंगचे फोटो कुठल्याच कचेरीत पुरावा म्हणून चालत नाहीत. त्या पैशात सगळ्या दाखल्यांची भाषांतरं होतील. असो.

दुसरा रस्ता आपल्या विदेशी विवाह कायद्याचा, 1969 चा. दोघांपैकी एक भारतीय नागरिक असेल तर परदेशातल्या आपल्या दूतावासातल्या विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करता येतं. मुलगा 21 चा, मुलगी 18 ची, नोटीस द्यायच्या आधी एकाचा तिथं 30 दिवस मुक्काम, नोटिशीनंतर हरकतींसाठी आणखी 30 दिवस, आणि तीन साक्षीदार. लक्षात ठेवा, 30 आणि 30. आठ दिवसांच्या सुट्टीत हे जमत नाही.

आणि जन्माचा दाखला आजच ट्रंकेतून काढून बघा. जुन्या दाखल्यांवर आईवडलांची नावं असतात आणि बाळाच्या नावाच्या जागी नुसती रेघ. घरात लहान मूल असेल तर नाव लगेच घालून घ्या. पहिल्या वर्षात फी लागत नाही, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. नमस्कार.