मानेवरचा काळा पट्टा

(रविवार सकाळ. सलूनची खुर्ची. आठवीतला मुलगा, कॅमेरा त्याच्या मानेवर.)

मानेवरचा हा काळपट पट्टा नीट बघा. कारागीर ओल्या फडक्याने तो दोनदा पुसतो आणि सोडून देतो. घरी आईने डाळीचं पीठ लावलं, लिंबू चोळलं, शेवटी वजरीही फिरवली. कातडी सोलवटली, पट्टा तसाच. कारण तो मळ नाहीच. अंगात जास्तीची चरबी साठून शरीर इन्शुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनासं झालं, की रक्तात इन्शुलिन वाढत जातं आणि मानेवर, काखेत त्वचा जाडसर, मखमलीसारखी होऊन काळवंडते. हा मुलगा मात्र वर्षभर 'धड आंघोळ करत नाहीस' म्हणून बोलणी खात होता.

(बालरोगतज्ज्ञांची खोली. टेबलावर वाढीचा तक्ता.)

इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१५ साली आपल्या मुलांसाठी सुधारित तक्ते काढले. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा. मोठ्या माणसाच्या २३ बीएमआयशी जुळणारी रेघ ओलांडली की वजन जास्त, २७ ची ओलांडली की स्थूलता. पाश्चात्त्य मापात हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आपल्या रेघा खाली का, ते एका फोटोवरून कळतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा तो फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बीएमआय दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

(स्वयंपाकघर. रात्रीचं जेवण.)

घरी आल्यावर काय झालं? जे बहुतेक घरांत होतं तेच. मुलाच्या ताटात उकडलेली भाजी, बाकीच्यांच्या ताटात बटाटेवडे. आजी म्हणाली, "वाढतं वय आहे, उंची वाढली की ओसरेल." बाबा म्हणाले, "जिभेवर ताबा ठेव रे." तेरा वर्षांच्या मुलाने कसला ताबा ठेवायचा? किराण्याची यादी तो करत नाही, तेलाचा डबा तो आणत नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एप्स्टाइन यांनी हाच प्रश्न तपासला. सहा ते बारा वर्षांच्या जाड मुलांचे तीन गट. एका गटात पालक आणि मूल दोघांनी आपापल्या सवयी बदलायच्या, दुसऱ्यात फक्त मुलाने. तिसऱ्यात ठरावीक कोणावर भर नाही. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. पहिल्या गटातल्या मुलांचं जास्तीचं वजन सरासरी साडेसात टक्क्यांनी कमीच होतं. एकट्याने झटलेल्यांचं साडेचार टक्क्यांनी वाढलं होतं, तिसऱ्या गटाचं चौदा टक्क्यांहून जास्त.

म्हणून इथल्या आहारतज्ज्ञ ताईंनी पुढच्या भेटीला बाबांनाही बोलावलं. पहिला प्रश्न मुलाला नव्हताच. "तुम्ही चहात साखर किती घेता?"

(भाजीची मंडई. आई, बाबा, मुलगा.)

फरसाणाचा डबा आता ओट्यावर नसतो. डोळ्यांसमोर नसला की हात जात नाही. तेल महिन्याच्या हिशोबाने मोजून येतं. ज्वारीची भाकरी, उसळ, काकडी सगळ्यांनाच. जेवताना टीव्ही बंद आणि फोन पलीकडच्या खोलीत. संध्याकाळी बाबा आणि मुलगा तासभर चालतात. या वयाला रोज ६० मिनिटांची हालचाल हवीच. वजन चटकन उतरवायची घाई डॉक्टरांना नाही. या वाढत्या वयात ते आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत गेली, तरी वाढीच्या तक्त्यावरचा त्याचा ठिपका खाली सरकतो. आणि 'जाड्या' हा शब्द घरात बंद. धाकट्या बहिणीलाही.

हे एका भेटीत जमणारं काम नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०२३ साली अशा उपचारासाठी तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तासांचं समोरासमोरचं मार्गदर्शन सांगितलं, तेही सगळ्या कुटुंबासह. आपल्याकडे ओपीडीच्या रांगेत पाच मिनिटं मिळतात आणि 'खाणं कमी कर' एवढं ऐकून मूल घरी जातं. याचं मनापासून वाईट वाटतं.

(फ्रिजचं दार. चिकटवलेला कागद, तीन रंगांची स्केचपेनं.)

एप्स्टाइन यांची सिग्नलच्या रंगांची युक्ती या घराने उचलली आहे. हिरवं हवं तेवढं, पिवळं बेताने, लाल क्वचित. ज्याचं त्याने लिहायचं. आज मुलाच्या रकान्यात लाल काहीच नाही. शेजारच्या रकान्यात बाबांनी ऑफिसातून आल्या आल्या, बूट काढायच्या आधी, लाल पेनाने लिहिलंय: सामोसे, दोन.