उबुडचे रुडॉल्फ बोनेट

डच चित्रकार बोनेट यांनी काढलेला हा चेहरा जवळून पाहा. गालावर पेस्टल, म्हणजे रंगीत खडू, आडवं घासलंय, म्हणून कागदाचा दाणा दिसतो. पापणीला मात्र टोकदार रेघ. बोनेट आधी रेषेत घडण बसवत, मग जपून रंग. ही शिस्त इटलीतली, तिथली भित्तिचित्रं वर्षानुवर्षं न्याहाळून आलेली. जन्म ॲमस्टरडॅमचा, १८९५चा. इंडोनेशियातल्या बाली बेटावर आले १९२९ मध्ये.

अशी चित्रं बालीच्या दमट हवेत टिकवणं अवघड. पेस्टलमध्ये डिंक नावापुरता असतो, भुकटी दाण्यात नुसती अडकून राहते. फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी धरून ठेवणारं द्रावण, जास्त फवारलं की रंग काळवंडतात, फवारलंच नाही तर बोट लागताच पुसतात. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते. काच चित्राला टेकली तर भुकटी तिलाच चिकटते, म्हणून मध्ये माऊंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून फट ठेवायची.

आता बालीतल्या बटुआन गावच्या चित्रकारांची पद्धत. पेन्सिलीने आराखडा, त्यावर शाईची बाह्यरेषा, मग पातळ शाईचे थरावर थर देत छटा. खालचा थर ओला असताना दुसरा दिला की डाग पडतो आणि तो निघत नाही. रंग सगळ्यात शेवटी.

पर्यटकांसाठी घाईने काढलेल्या चित्रांनी हा दर्जा घसरू लागला, तेव्हा १९३६ मध्ये 'पिता महा' ही कलाकारांची संघटना उभी राहिली. ती उभारणारे: बालीतल्या उबुडच्या राजघराण्यातले चोकोर्दा ग्दे आगुंग सुकावती, जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस, बालीचेच चित्रकार लेम्पाड आणि बोनेट. सदस्य शंभराहून अधिक. चित्रं पारखून घ्यायची, निवडलेलीच प्रदर्शनाला आणि विक्रीला पाठवायची. बोनेट यांनी युरोपीय शरीररचना बालीच्या चित्रकारांच्या गळी उतरवली, असा आक्षेप घेतात. काही चित्रांत तो पटतोही. पण लेम्पाडची ही रेषा बघा, ती कुणाच्या शिकवणीतली नाही.

१९४२ मध्ये, डचांच्या ताब्यातल्या बालीत जपानी आले. बोनेट यांना सुलावेसी बेटावर कैदेत नेलं. पारेपारे, बोलोंग, मकास्सर, अशा छावण्यांत युद्ध संपेपर्यंत. स्पीस त्याआधीच, जर्मन म्हणून डचांच्या कैदेत असताना, बोट बुडून वारले होते.

१९४७ मध्ये बोनेट बालीत परतले आणि चोकोर्दांसोबत संग्रहालयाच्या कामाला लागले. हे संग्रहालय, उबुडचं 'पुरी लुकिसान', १९५६ मध्ये उघडलं. पुढच्याच वर्षी त्यांना इंडोनेशिया सोडावं लागलं. निधन नेदरलँड्समध्ये, १९७८ साली.

त्यांचं खरं काम या संग्रहालयात आहे. उबुडला गेलात तर उत्तरेकडच्या दालनापासून सुरुवात करा. युद्धापूर्वीची चित्रं आणि लेम्पाडची रेखाटनं तिथेच आहेत.