जुन्या गाडीच्या टायरचं माप

नमस्कार, श्रोतेहो.

ज्यांच्या इमारतीखाली एखादी मारुती ८००, झेन नाहीतर सॅन्ट्रो अजून कव्हर घालून उभी आहे, त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसा. बाकीच्यांनी नुसतं ऐकलं तरी चालेल, शेजाऱ्याला सांगता येईल.

आमच्याकडे बाबांची ८०० आहे. बाबा गेले, गाडी राहिली. पार्ल्यातल्या आमच्या इमारतीच्या आवारात ती वर्षभर एका जागी उभी होती. चालवायला काढली तेव्हा चारही टायरना बाजूने बारीक चिरा पडलेल्या. नक्षी मात्र शाबूत, म्हणून मी म्हटलं चालतील की. गॅरेजवाल्याने टायरवर अंगठा दाबला, चीर उघडून दाखवली आणि म्हणाला, "ताई, हे घेऊन हायवेला जाऊ नका." मग मी मुलाला बरोबर घेऊन टायरच्या दुकानात गेले. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं मुलाला मिळत होती. तो एकोणीस वर्षांचा, त्याला सायकलच्या पलीकडे काही येत नाही. दुकानदार म्हणाला, "सत्तर नहीं है, अस्सी डाल दो. सब डालते हैं." आम्ही अस्सी घातला.

आता हे सत्तर आणि अस्सी म्हणजे काय ते सांगते. आमच्या ८०० चं माप आहे १४५/७० आर १२. या एका ओळीत तीन वेगवेगळ्या जातीचे आकडे एकत्र बसवलेत. १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० हा टक्का: टायरची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची उंची, रुंदीच्या ७० टक्के. शेवटचे १२ म्हणजे रिमचा व्यास, आणि तो इंचांत! मधला आर हा रेडियसचा आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. तो रेडियलचा, टायरच्या आतले धागे कसे विणलेत ते सांगणारा.

मग ७० च्या जागी ८० आला तर बिघडतं काय? पेन्सिल घ्या. १४५ चे ७० टक्के म्हणजे १०१.५ मिलिमीटर. वर एक भिंत, खाली एक, म्हणून दुप्पट, २०३. त्यात १२ इंचांचे ३०४.८ मिळवा. चाकाचा व्यास झाला ५०७.८. हेच ८० टक्क्यांनी केलं की येतात ५३६.८. फरक २९ मिलिमीटरचा. चाकाच्या एका फेरीत गाडी साधारण साडेतीन इंच जास्त पुढे जाते, आणि स्पीडोमीटरला त्याचा पत्ता नसतो. तो बिचारा फेऱ्या मोजतो. मूळ काटा अचूक असेल, तर काट्यावर ८० दिसतात तेव्हा गाडी ८४ च्या पुढे असते. वांद्रे-वरळी सी लिंकवर वेगमर्यादा ८० ची आहे, हे लक्षात घ्या.

आमच्याकडे हा गोंधळ उलट बाजूने कळला. गाडी ॲव्हरेज कमी देतेय असं वाटायला लागलं, आणि मी दोन महिने पेट्रोल पंपावर संशय घेत होते. पंप बदलून पाहिला, मग सकाळी सातला जाऊन भरून पाहिलं. खरं म्हणजे गाडी हजार किलोमीटर चालली की मीटर ९४६ च दाखवत होता. पेडर रोडच्या चढावर चौघे बसलेले असताना तिसऱ्या गिअरमध्ये ती कुंथायला लागायची, तेही त्याच कारणाने: चाक मोठं, इंजिन तेवढंच. आणि शेवटी एकदा फाटकातून आत वळताना, स्टिअरिंग पूर्ण कापलेलं, पुढचं चाक गटाराच्या झाकणावर चढलं आणि आतून आवाज आला, खर्र्र. वॉचमन धावत आला, "ताई, काहीतरी घासतंय." टायर चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या अस्तराला लागत होता. वाकून बोट लावलं तर काळी भुकटी हाताला आली.

एक गोष्ट त्या दुकानदाराच्या बाजूनेही सांगते. मोठ्या टायरने गाडी साडेचौदा मिलिमीटर वर उचलली जाते, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता हे काहींना मुद्दाम हवं असतं. तेही सगळं माहीत असून घेतलं तर ठीक. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तर माप शोधायचं कुठे? गाडीला जो टायर लागलेला आहे त्याच्यावर वाचून, असं सगळे म्हणतात. नवीन गाडीत ते खरं. जुन्या गाडीचे मात्र दोन-तीन मालक झालेले असतात, कोणीतरी हौसेने अलॉय चढवलेले असतात, कोणी स्टेपनीला मेहुण्याच्या गाडीचं चाक टाकलेलं असतं. टायरवरचा आकडा म्हणजे मागच्या मालकाने काय केलं त्याची ऐकीव हकीकत. खरा दाखला कंपनीच्या स्टिकरवर असतो. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर किंवा दाराच्या कडेला बघा. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. हवा किती भरायची तेही त्यावरच असतं. आमचा स्टिकर डेंटिंग-पेंटिंगवाल्याने रंगाखाली गाडून टाकलेला. मग माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली, त्यात विम्याच्या पावत्यांखाली गाडीची पुस्तिका सापडली. पान पिवळं पडलेलं, त्यावर बाबांच्या अक्षरात शाईने १४५/७० च्या खाली रेघ.

पुस्तिका नाहीच मिळाली तर रिमवर कोरलेलं माप बघा, आणि तुमच्या गाडीचं वर्ष आणि मॉडेल सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. नुसतं नाव सांगून भागत नाही, एकाच नावाच्या गाडीला वर्षागणिक माप बदलू शकतं. टाटा नॅनोला तर पुढे १३५/७० आर १२ आणि मागे १५५/६५ आर १२, एकाच गाडीत दोन मापं. आणि प्रीमियर पद्मिनीचं माप होतं ५.२०-१४, तिथे रुंदीही इंचांत आणि टक्का लिहायची पद्धतच नाही. कुर्ल्यात जन्मलेली गाडी ती, तिचा हिशेबच निराळा.

मूळ माप बाजारात नसेल तर पर्याय असतात. तेरा इंची रिमवर १५५/७० चा व्यास ५४७ मिलिमीटर, १६५/६५ चा ५४५. हे दोघे सख्खे भाऊ. रुंदी वाढवली की टक्का उतरवायचा, म्हणजे चाक तेवढंच राहतं. फक्त रिमची रुंदी त्या टायरला चालते का ते विचारा, आणि टायर फार रुंद करू नका. पावसात साठलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. बारा इंचीवाल्यांनी आणखी एक जपा. १४५ आर १२ एलटी असा टायर कोणी पुढे केला, तर तो ओम्नीसारख्या ओझं वाहणाऱ्या गाडीचा आहे. चढेल, पण कडक बसेल. आकड्यांच्या शेवटी ६९ एस असं काही असतं, त्यातला ६९ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ३२५ किलो ओझं आणि एस म्हणजे जास्तीत जास्त वेग ताशी १८० किलोमीटर. हे मूळ आकड्यापेक्षा कमी घेऊ नका.

ट्यूब घालत असाल तर ट्यूबलाही माप असतं. तेराची ट्यूब बारात कोंबली तर आत घडी पडते आणि घडीवरच ती फाटते.

आणि तारीख. जुन्या गाड्यांची मापं कमी खपतात, म्हणून दुकानात वर्षानुवर्षं पडून राहतात. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एका बाजूला दिसले नाहीत तर टायर उलटून बघा. दुकानदार चुळबुळ करेल, करू द्या.

शेवटी मला सत्तरवाले मिळाले कुर्ल्याला, सीएसटी रोडवर हिंडून, तिसऱ्या दुकानात. एकटीच गेले होते, मुलाला नेलं नव्हतं. उरले ते चार अस्सीवाले. आमच्या मजल्यावरच्या काकांकडे जुनी अल्टो आहे आणि तिचं माप नेमकं १४५/८० आर १२. काका टॉर्च घेऊन खाली आले. आधी स्वतःच्या गाडीचं दार उघडून स्टिकर वाचला, मग माझ्या टायरवरचे चार आकडे वाचले, मग म्हणाले, "दोन महिने चालवलेत ना? मग निम्मे देईन."

मी निम्मे घेतले.

नमस्कार.