आखाजीच्या तीन साड्या आणि कलम ११२

(अमळनेरला व्यापारी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘दुकानातली टोळीची चोरी आणि सरकारचे उपाय’. वेळ दिलाय पाऊण तास. पण मागून वांगी भाजल्याचा वास येतोय, तेव्हा खरा वेळ किती ते तुम्हीही ओळखलंय आणि मीही. तरी आधी माझी गोष्ट. ज्यांनी ऐकलीय त्यांनी पुन्हा ऐकायची.

२०२५ ची आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. जळगावात माझं साड्यांचं दुकान. लेकी माहेरी आलेल्या, गादीवर पाय ठेवायला जागा नाही. भर दुपारी तिघी आल्या. एक म्हातारी, एक पोटुशी, एकीच्या कडेवर पोर. म्हातारी म्हणते, “भाऊ, हाई कितलानी शे?” म्हणजे, ही कितीची? झालं! अहिराणी, आपली खानदेशी बोली, कानावर पडली की मी विरघळतो. आमच्या वडिलांचं ठाम मत होतं, अहिराणी बोलणारं गिऱ्हाईक उधारी बुडवेल, पण चोरी करणार नाही. (हशा) मी चहा मागवला. थप्पीवर थप्पी उलगडली. तेवढ्यात पोर रडायला लागलं, पोटुशीला घेरी आली, दुकानातला मुलगा पाण्याला धावला आणि मी स्वतः उठून पंखा तिच्याकडे फिरवला. पाच मिनिटांनी “पसंत पडत नाही” म्हणून तिघी गेल्या. रात्री घड्या घालताना तीन साड्या कमी. कॅमेऱ्यात पाहिलं, तर बाईचं पोट येताना लहान, जाताना मोठं! साड्यांचं बायको विसरली, त्या चहाचं अजून काढते.

ठाण्यात गेलो. कोणतं ते विचारू नका, हवालदार भला माणूस होता. म्हणाला, “किंमत सांगा.” आता गादीवर बसणाऱ्याचा पहिला धडा कोणता? खरेदीचा भाव सख्ख्या मेव्हण्यालाही सांगायचा नाही. आणि मी, खाकी बघून, जन्मात पहिल्यांदा खरा भाव बोललो. “सुरतेची खरेदी, तिन्ही मिळून चार हजार आठशे.” त्याने पेन खाली ठेवलं. “शेठ, पाच हजारांच्या आत. अदखलपात्र.” विक्रीचा भाव साडेसहा हजार होता हो! एनसीचा कागद घेऊन घरी आलो. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, त्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही.

हा पाच हजारांचा उंबरठा १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतला. कलम ३०३. पहिलाच गुन्हा, माल पाच हजारांच्या आतला आणि तो परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. बिस्किटाचा पुडा उचलणाऱ्या पोराला तुरुंग नको, हे मला पटतं. पण त्या तिघी काही बिस्किटाच्या पुड्याला आल्या नव्हत्या.

आता हात वर करा, गेल्या वर्षभरात असं कोणाकोणाकडे झालं? कोणीच नाही? मला इथून मान खाली घालून हसणारे सहा जण दिसतायत. हेच आपलं दुखणं. दुकानाची अब्रू! भुसावळवाला धुळेवाल्याला सांगत नाही, धुळेवाला शेजारच्या दुकानदारालासुद्धा नाही.

आणि एक, विषय सोडून आहे पण बोलतोच. अशा वेळी आपले काही लोक लगेच एखाद्या जातीचं नाव घेतात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ ला गेला. तो शिक्का आपल्या गल्ल्यावर परत ठेवू नका. कॅमेऱ्यातली माणसं दाखवा, आडनावं नकोत.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच? बरं, पाच.

सरकारने नव्या संहितेत कलम ११२ घातलं, किरकोळ संघटित गुन्हा. पोलिसांना फोन लावायचा नंबरही ११२, तेव्हा विसरायला जागा नाही. टोळीतल्या माणसाने, एकट्याने किंवा मिळून, केलेली चोरी यात येते आणि दुकानातून माल उचलणं स्पष्टीकरणात लिहिलेलंच आहे. किमान एक वर्ष, कमाल सात वर्षं. दखलपात्र, अजामीनपात्र. म्हणजे माझ्या तक्रारीत ‘तिघी मिळून, ठरवून’ हे शब्द हवे होते. मी लिहिलं ‘तीन साड्या गहाळ’! वकील मित्र तर म्हणतो, दुकान ही माल ठेवायची इमारत, मग कलम ३०५ सुद्धा बघायला सांगायचं होतं, तिथेही सात वर्षांपर्यंत आहे. आणि माल घेणारा? चोरीचा आहे हे माहीत असून घेतला तर कलम ३१७, तीन वर्षांपर्यंत. तोच धंदा असेल तर दहा वर्षं किंवा जन्मठेपसुद्धा. साड्या कुठेतरी विकल्या जातातच ना? स्वस्त माल दारात आला की आपणही बिल विचारत नाही... असो, इथे टाळ्या नकोत.

रेकॉर्डिंग यंत्रात आपोआप पुसलं जातं, म्हणून त्याच रात्री काढून ठेवा. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे रेकॉर्डिंग कुठल्या यंत्रातून कसं काढलं ते सांगणारं, प्रमाणपत्र लागतं, तेही तेव्हाच करून घ्या. पाच गावांची पाच रेकॉर्डिंगं शेजारी ठेवली तरच टोळी दिसते. एकट्या साडीत ती दिसत नाही.

भरीत गार होतंय, प्रश्न जेवताना विचारा. मघाशी हसलेल्या त्या सहा जणांनी मात्र पानावर बसायच्या आधी मला भेटा. तिघींचा फोटो मोबाईलमध्ये आहे.