मुंबईचं सिम फोनातच राहू द्या

नमस्कार श्रोतेहो.

2027 चा एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. आपल्यापैकी काहींची पैशांची जुळवाजुळव सुरूही झाली असेल. व्हिसा, हॉटेल, सामन्याची तिकिटं हे तुम्ही बघालच. मी बोलणार आहे मोबाइल डेटाबद्दल. आणि त्यासाठी आमच्या दादरच्या इमारतीतल्या काकांची गोष्ट सांगायलाच हवी.

काका 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाला गेले होते. 9 जूनला न्यूयॉर्कमध्ये भारत-पाकिस्तान पाहिला. आपण 119 ला गारद झालो आणि तरी 6 धावांनी जिंकलो. त्या खेळपट्टीबद्दल न बोललेलंच बरं. आपल्या शिवाजी पार्कात चेंडू त्याहून शहाण्यासारखा येतो. असो. काकांनी अमेरिकेपुरतं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता इंटरनेटवरून फोनात उतरवायचं सिम, घेतलं होतं, ते झकास चाललं. मग ते बार्बाडोसला उतरले आणि फोन मुका! आता वेस्ट इंडिजचा पॅक घेऊ म्हणून हॉटेलच्या वायफायवर देशांची यादी चाळत बसले. सापडणार कसा? वेस्ट इंडिज हा संघ आहे, देश नव्हे. बार्बाडोस वेगळा देश, अँटिग्वा वेगळा, गयाना वेगळा.

खरी गंमत पुढेच. 22 तारखेला बांगलादेशविरुद्धचा सामना अँटिग्वात. आदल्या दिवशी काका विमानाचं तिकीट काढायला बसले. कार्डाचा नंबर टाकला, बँकेने ओटीपी पाठवला. कुठे? काकांच्या मुंबईच्या नंबरवर. आणि ते सिम होतं कुठे? "प्रवासात हरवायला नको" म्हणून काकांनी ते काढून, कागदात गुंडाळून, घरच्या कपाटात काकूंच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवलेलं!

लागला काकूंना व्हिडिओ कॉल. तिथे सकाळचे दहा, इथे संध्याकाळचे साडेसात. मालिका ऐन रंगात. काकू म्हणाल्या, "अहो, जाहिरात तरी लागू द्या." जाहिरात लागली, कपाट उघडलं, करंडा निघाला. घरातला जुना फोन शोधला, तर त्याची बॅटरी मेलेली. तो चार्जिंगला लावला. सिमचा कप्पा उघडायची पिन सापडेना, तेव्हा काकूंनी कानातलं काढलं आणि त्याच्या काडीने कप्पा उघडला. तोवर पहिला ओटीपी केव्हाच बाद. दुसरा मागवला. काकू वाचतात, "एकोणसाठ..." हॉटेलच्या वायफायवर आवाज तुटत होता, काकांना ऐकू आलं एकोणसत्तर. गेला तोही. शेवटी मला हाक मारली. मी जाऊन सुटेसुटे आकडे वाचले: पाच, नऊ, असे. स्टेशनवर गाडीचा नंबर एकेक आकडा सुटा सांगतात, ते उगाच नाही. गाडी कुठल्या फलाटावर येणार हे मात्र शेवटच्या क्षणी बदलतात, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय.

तिकीट निघालं. काकांनी अँटिग्वाचा सामनाही पाहिला. एरवी ओटीपी कुणाला सांगू नका हं. इथे बायको नवऱ्याचाच ओटीपी नवऱ्याला सांगत होती, तेवढं चालतं.

तर पुन्हा सांगतो, मुंबईचं सिम काढू नका. दोन सिमच्या फोनात एक आपलं, दुसरं तिकडचं किंवा ई-सिम. आपल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग, म्हणजे परदेशातल्या नेटवर्कवर ते चालायची सोय, कंपनीकडून सुरू करून घ्या, म्हणजे बँकेचे एसएमएस येतील. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, तरी निघण्यापूर्वी विचारून घ्या. फोनातलं डेटा रोमिंगचं बटण मात्र त्या सिमपुरतं बंद. रोमिंग चालू, डेटा बंद. डेटा येऊ द्या ई-सिमवरून. आणि ई-सिम घेताना देशांची नावं एकेक करून तपासा. झिम्बाब्वे आहे का? नामिबिया आहे का? नसेल तर ते सीमेपलीकडे गप्प होईल.

स्टेडियमची गोष्ट वेगळी. 4 जुलै 2024 ला टी-ट्वेंटीचे विजेते मरीन ड्राइव्हवर आले, तेव्हा तिथल्या गर्दीत किती जणांचे मेसेज अडकले होते, आठवतंय? फोनवर दांड्या पूर्ण, मेसेज जाईना. टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि हजारो फोन ती एकाच वेळी वाटून घेतात. महागडा पॅक घेतला तरी मैदानात तेच होणार. म्हणून सामन्याचं तिकीट हॉटेलवरच फोनच्या वॉलेटमध्ये, म्हणजे तिकिटं-कार्डं ठेवायच्या अ‍ॅपमध्ये, उतरवून घ्या. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, काही तिकिटांचा बारकोड सतत बदलत असतो. परतीच्या रस्त्याचा नकाशाही आधीच ऑफलाइन घ्या. आणि स्टँडमधून घरी व्हिडिओ कॉल कशाला करायचा? घरच्यांना टीव्हीवर सामना तुमच्यापेक्षा चांगला दिसत असतो.

आणखी एक. ई-सिम फोनात उतरवायलाच इंटरनेट लागतं, तेव्हा ते काम घरच्या वायफायवर, निघायच्या आदल्या दिवशी करा. फोन जुना असेल तर तो ई-सिम घेतो का, हे पैसे भरण्याआधी बघा. घेत नसेल तर तिकडच्या विमानतळावर साधं सिम मिळतं, पासपोर्ट हाताशी ठेवा.